फुटले ते सारेच जुळत नाही!

मैत्रिणींनो, क्रिकेटवेडे तर घरोघरी असतात, पण आमच्या घरात एक फुटबॉलवेडा आहे. आमचे धाकटे दीर! वय चौतीस, लग्नाचे नाव काढू देत नाहीत आणि शनिवार-रविवारी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवाणखान्यात टीव्ही लावून बसतात. आवाज बंद, पण मध्येच स्वतःच ओरडतात. मँचेस्टर सिटी हा त्यांचा लाडका संघ. त्याची निळी जर्सी धुवायला टाकताना उलटी करायची, गरम पाण्यात भिजवायची नाही आणि छापावर इस्त्री फिरवायची नाही, अशी मला तंबी आहे. (ही सूचना तुमच्याही उपयोगी पडेल, खरेच छाप टिकतो!)

आम्ही वर्सोव्याचे. मेट्रोत बसले की डी. एन. नगर, मग आझाद नगर. तिथे उतरून चालत गेले की अंधेरीचे क्रीडासंकुल. मुंबई सिटी हा संघ २०१६ पासून तिथल्या मैदानावर खेळू लागला, तेव्हापासून भाऊजींची ती पंढरीच झाली. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या उद्योगसमूहाने मुंबई सिटीतही मोठा हिस्सा घेतला, तेव्हा यांनी घरात पेढे वाटले होते. जणू दोन्ही घरची सोयरीकच जुळली!

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे अशा माणसाशी माझे दोन विषयांवर भांडण झाले. एक, फुटलेल्या बँडने पुन्हा एकत्र यावे का? आणि दुसरा, आपली माहिती आपण किती जपावी? पहिल्या भांडणात ते जिंकले. दुसऱ्यात आम्ही दोघेही हरलो. ते कसे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

"ढोल फुटला का?"

ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. सकाळी मी पोळ्या करीत होते. भाऊजी स्वयंपाकघरात नाचतच आले. "वहिनी, बँड परत जुळला! पंधरा वर्षांपूर्वी फुटलेला बँड!"

सासूबाई कोथिंबीर निवडीत होत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला बँड. त्यांनी शांतपणे विचारले, "ढोल फुटला होता का रे?"

मग भाऊजींनी सगळी कथा सांगितली. 'ओअॅसिस' नावाचा मँचेस्टरचा बँड. त्यात नोएल आणि लिअम गॅलाघर हे दोन सख्खे भाऊ. एक गाणी लिहिणारा, एक गाणारा, आणि दोघेही मँचेस्टर सिटीचे जन्मापासूनचे भक्त. १९९६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सिटीच्या जुन्या मेन रोड मैदानावर दोन रात्री कार्यक्रम केला. भाऊजींच्या दृष्टीने तो देवळात झालेला कीर्तन-सप्ताह! पुढे ऑगस्ट २००९ मध्ये पॅरिसला कार्यक्रमाच्या आधी पडद्यामागे भावाभावांत कडाक्याचे भांडण झाले, आणि बँड संपला. दोघे एकमेकांबद्दल वाटेल ते बोलत राहिले. आणि आता, २७ ऑगस्ट २०२४ रोजी, दोघांनी एकत्र येत असल्याचे जाहीर केले.

सासूबाईंचा हात थांबला. "पंधरा वर्षं सख्खे भाऊ दूर? मग त्यांच्या आईनं काय केलं असेल रे?"

भाऊजींनाही क्षणभर काही सुचले नाही. त्यांची आई पेगी आयर्लंडहून मँचेस्टरला आलेली, तीन मुलगे वाढवलेली बाई, एवढे त्यांनी सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "बघा! गाणी जगाला मिळाली असतील, पण त्या माउलीच्या जिवाला घोर." त्यांच्यापुरता तो विषय तिथेच संपला होता. बँड जुळला यापेक्षा भाऊ जुळले हे त्यांना महत्त्वाचे वाटले.

मी मात्र म्हटले, "पैशासाठी आले असतील हो एकत्र! एवढं प्रेम होतं तर इतकी वर्षं कुठं गेलं होतं?"

यावर भाऊजींनी जे सांगितले ते मला पटले. ते म्हणाले, "वहिनी, संघाचं आणि बँडचं वेगळं असतं. संघातले खेळाडू जातात, नवे येतात. शिक्षक बदलतो, मालक बदलतो, मैदानसुद्धा बदलतं. सिटीनं मेन रोड २००३ साली सोडलं. पण संघ राहतो, कारण संघ आमचा असतो, प्रेक्षकांचा. बँड म्हणजे ती चार-पाच माणसंच. ती नसली तर नाव ठेवून उपयोग नाही. म्हणून संघाला पुनर्मीलन लागत नाही, बँडला लागतं. पैसे मिळतात तर मिळू देत. भांडलेली माणसं पैशाच्या निमित्तानं का होईना, एका ओट्यावर उभी राहिली ना?"

त्या दिवशी आमचे मामेसासरे आले होते. त्यांनी तरुणपणी धोबी तलावच्या रंगभवनात रात्र-रात्र असले कार्यक्रम ऐकलेले. ते म्हणाले, "इंग्लंडला कशाला जाता? आपल्या मुंबईत झालंच की!" आणि त्यांनी 'रॉक मशीन'ची गोष्ट सांगितली. १९८४ साली मुंबईच्या मुलांनी काढलेला हा बँड. उदय बेनेगल गाणारा, महेश टिनाईकर गिटार वाजवणारा. परक्यांची गाणी वाजवता-वाजवता स्वतःची गाणी करू लागले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' ठेवले, १९९७ मध्ये बँड मोडला, आणि २०१० मध्ये ही मंडळी पुन्हा एकत्र आली. नुसती जुनी गाणी आळवीत बसली नाहीत, तर २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' नावाची नवी तबकडी काढली.

"परत यायचं तर असं यावं," मामा म्हणाले. "पोट सुटलेलं असलं तरी चालेल, पण काहीतरी नवं घेऊन यावं."

पहिले भांडण असे संपले. मी हरले, पण आनंदाने हरले.

तिकिटाची रांग आणि माझा वर्ग

इंग्लंडचे तिकीट काही आम्हाला जमण्यासारखे नव्हते. तिथेही रडकथाच झाली म्हणा. ३१ ऑगस्टला विक्री सुरू झाली आणि सुमारे दीडशे पौंडांचे उभ्याचे तिकीट रांगेतल्या माणसाचा नंबर लागेपर्यंत साडेतीनशे पौंडांवर गेले. आपल्याकडे भाजीवाला पाऊस आला म्हणून भाव वाढवतो, तसाच प्रकार! यावरून तिथे इतका गदारोळ झाला की सरकारी यंत्रणेला चौकशी लावावी लागली.

पण महिन्याभरातच आपल्याकडे 'कोल्डप्ले' या दुसऱ्या इंग्रजी बँडची विक्री निघाली. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर त्यांचे कार्यक्रम होते. २२ सप्टेंबरला दुपारी भाऊजी, हे आणि भाऊजींचे दोन मित्र चार फोन घेऊन बसले. पडद्यावर रांगेतला नंबर लाखांत! संध्याकाळपर्यंत सगळ्यांची तोंडे पडली. त्यानंतर तिकिटांचा काळाबाजार, खोटी तिकिटे, फसवणूक यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत राहिल्या, त्या तुम्हीही वाचल्या असतील.

इकडे माझ्याही घरात पुनर्मीलनाचे वारे शिरले होते. माझे माहेर सांगलीचे. आमच्या दहावीच्या वर्गाचा फोनवर गट तयार झाला. वीस वर्षांनी मैत्रिणी सापडल्या! कोणी नागपूरला, कोणी दुबईला. दिवाळीनंतर भेटायचे ठरले आणि एका उत्साही मैत्रिणीने फोनवर भरायचा एक फॉर्म पाठवला. माहेरचे नाव, सासरचे नाव, जन्मतारीख, पत्ता, नवऱ्याचा व्यवसाय, मुलांची शाळा. सगळ्यांची माहिती एका तक्त्यात, आणि तो तक्ता उघडायला किल्ली नाही, कुलूप नाही. ज्याच्या हाती दुवा त्याला सगळे खुले. मी पोळीचे पीठ मळता-मळता पाच मिनिटांत फॉर्म भरून टाकला. किती मजा वाटली!

भाऊजींनी तो पाहिला तेव्हा मीच त्यांना विचारले होते, "एवढं सगळं द्यावं का हो?" ते हसून म्हणाले, "वहिनी, लपवायचं काय आहे आपल्याला? चोर थोडेच आहोत!"

ते वाक्य लक्षात ठेवा.

एका दुपारचा फोन

डिसेंबरातली दुपार. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, मराठी आणि इतिहास. एक वाजता घरी आले. सासूबाई झोपल्या होत्या. फोन वाजला. "अमुक अमुक बाई बोलताय ना? तुमच्या आधार कार्डावर एक पार्सल परदेशात चाललं होतं. त्यात अमली पदार्थ सापडले आहेत."

मी म्हटले, "चुकीचा नंबर."

त्याने माझा आधार क्रमांक म्हणून दाखवला. बाराच्या बारा आकडे. मग माझे माहेरचे आडनाव, जन्मतारीख, इमारतीचे नाव. आणि शेवटी अगदी सहज आवाजात मुलीच्या शाळेचे नाव.

मैत्रिणींनो, मी बी. ए. झालेली, चार मुलांना शहाणपण शिकवणारी बाई. पण मुलीच्या शाळेचे नाव ऐकले आणि माझे हातपाय गार पडले. चित्र दिसणारा फोन लागला. समोर गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. दार लावा. घरात कोणाशी बोलायचं नाही. फोन ठेवलात तर शाळेत गाडी पाठवू." मी दार लावले. खरेच लावले! पाऊण तास मी पलंगाच्या कडेवर बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरे देत होते. शेवटी तो म्हणाला, "खात्यातली रक्कम तपासणीसाठी आमच्याकडे वळती करा, निर्दोष असाल तर परत मिळेल." माझ्या खात्यात एक लाख चाळीस हजार होते. सहा वर्षांच्या शिकवणीचे. मी बँकेचे पान उघडलेसुद्धा.

आणि दाराची घंटा वाजली.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातून आमच्याकडे एक मावशी मासे घेऊन येतात. एकदा घंटा वाजवून त्या जात नाहीत. दोनदा, तीनदा, मग दार ठोठावणे, मग हाक. सासूबाई जाग्या झाल्या, त्यांनी दार उघडले, आणि मावशी थेट माझ्या खोलीच्या दाराशी. "काय झाला गो बाय? रडतेस कशाला?"

फोनमधला माणूस ओरडला, "कोण आहे तिथं?"

मावशींनी माझ्या हातातला फोन घेतला, त्या गणवेशाकडे नीट पाहिले, आणि आपल्या भाषेत जे काही सुनावले ते या पानांवर छापण्यासारखे नाही! फोन बंद झाला. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, "पोलीस येनार तर दारात येल. फोनात कशाला येल?"

एवढी साधी गोष्ट मला सुचू नये! डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाहीच. कोणताही पोलीस, कोणताही न्यायाधीश फोनवरून अटक करीत नाही, की पैसे मागत नाही. हे मी वाचलेले होते. पण भीती वाचलेले विसरायला लावते.

कुठून फुटले?

संध्याकाळी हे आले. काही बोलले नाहीत, आधी चहा करून दिला. मग १९३० या क्रमांकावर फोन करून आम्ही तक्रार नोंदवली. आणि रात्री भाऊजी माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले.

कोल्डप्लेची तिकिटे हुकल्यावर त्यांना फोनवरच कोणी विक्रेता भेटला होता. 'पाच हजार आगाऊ आणि प्रत्येकाच्या आधारचा फोटो पाठवा.' यांनी तिघांचे पाठवले. माझा फोटो आमच्या घरच्याच गटात होता. गणपतीपुळ्याच्या खोलीसाठी मीच कधीतरी टाकलेला. तिकिटे आली नाहीत, पाच हजार गेले. लाजेपोटी ते कोणाला बोलले नाहीत.

मला राग आला, खूप आला. पण रात्री झोप येईना, तेव्हा लक्षात आले की आधारच्या फोटोवर माझे माहेरचे आडनाव कुठे आहे? मुलीची शाळा कुठे आहे? ते तर मी भरलेल्या फॉर्मवर होते. नक्की कुठून काय गेले ते आम्हाला आजही कळलेले नाही. पण दोन्ही दारे आम्हीच उघडी टाकली होती, एक त्यांनी, एक मी.

शाळेत काम करणाऱ्याला 'पेपर फुटला' हे शब्द ऐकले की धडकी भरते. पण पेपर फुटला तर दुसरा काढता येतो, परीक्षा पुन्हा घेता येते. बँड फुटला तर पंधरा वर्षांनी का होईना, जुळतो. माणसे रुसतात, हसतात. पण आधार क्रमांक फुटला तर नवा आधार मिळत नाही. जन्मतारीख बदलता येत नाही. फुटलेल्या माहितीचे पुनर्मीलन नसते, बायांनो!

बाटलीवरची चिठ्ठी

"लपवायचं काय आहे?" या वाक्याचे उत्तर शेवटी भाऊजींनीच मला दिले, आणि तेही फुटबॉलमधून.

२०२४ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंड आणि स्वित्झर्लंड यांचा सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर निकाल लागणार होता. इंग्लंडचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड याने आपल्या पाण्याच्या बाटलीवर यादी चिकटवली होती. कोणता खेळाडू कुठे मारतो, मग आपण कुठे उडी घ्यायची. अकांजी या खेळाडूच्या नावापुढे लिहिले होते, डावीकडे. त्याने डावीकडेच उडी घेतली आणि चेंडू अडवला! "आणि वहिनी," भाऊजी म्हणाले, "तो अकांजी तेव्हा आमच्या सिटीचाच! त्यानं काय गुन्हा केला होता? लपवण्यासारखं काय होतं? फक्त त्याची सवय समोरच्याला ठाऊक होती."

मला तर हे फार पटले. प्रशिक्षकसुद्धा संघातली अकरा नावे सामन्याला तास-सव्वा तास उरेपर्यंत बाहेर पडू देत नाही. चोर असतो म्हणून नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याला तयारीला वेळ मिळू नये म्हणून. आपण न्हाणीघराचे दार लावतो ते काय आत चोरी करतो म्हणून?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी हेच सांगितले की खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने आपली माहिती जपण्याचा कायदाही केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू करायचे. कायदा चांगलाच आहे, पण दुधावर झाकण आपल्यालाच ठेवावे लागते.

आमच्या घरी आता असे चालते

• आधारचा पूर्ण फोटो कोणाला पाठवीत नाही. आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून शेवटचे चारच आकडे दिसणारे, म्हणजे 'मास्क केलेले' आधार काढून ठेवले आहे. खोली घेताना आधी तेच पुढे करतो. बोटांच्या ठशांना तिथेच कुलूप लावता येते, तेही लावले आहे.

• घरच्या गटात टाकलेले जुने कागदांचे फोटो एका रविवारी बसून काढून टाकले. कपाट आवरतो तसेच! कामापुरता कागद पाठवायचा, काम झाले की पुसायचा.

• व्हॉट्सअॅपला सहा आकड्यांचा दुसरा कुलूप-क्रमांक लावला. आपल्याला कोणी गटात ओढावे आणि आपला फोटो कोणी पाहावा, हे 'माझे संपर्क' एवढ्यांपुरतेच ठेवले.

• आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर पाहता येते. संशयास्पद फोन आला तर तिथेच 'चक्षू' या सोयीत कळवता येतो.

• मैदानातून, प्रवासातून, लग्नातून फोटो टाकायचे ते घरी परतल्यावर. 'आम्ही सगळे बाहेर आहोत' हे जगाला सांगायची गरज नाही.

• आणि फोनवर कोणी घाबरवले, तर आधी फोन ठेवायचा, मग घरातल्या माणसाला हाक मारायची. पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३०. लाज बाळगायची नाही. लपवण्यासारखी असते ती माहिती. झालेली फसवणूक मात्र लगेच सांगायची असते. आम्ही नेमके उलटे करीत होतो!

सांगलीला वर्गाचे पुनर्मीलन झाले, अगदी छान झाले. जाण्याआधी मी त्या मैत्रिणीला फोन करून तो तक्ता काढून टाकायला लावला. तिला आधी वाईट वाटले. मग मी माझी गोष्ट सांगितली, तेव्हा तिने तक्ता तर काढलाच, पण गटात सगळ्यांना कारणही कळवले. नंतर तिघीजणींनी मला हळूच सांगितले की त्यांनाही तसले फोन आले होते. एकीचे चाळीस हजार गेले होते आणि तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

४ जुलै २०२५ ला कार्डिफला ते दोघे भाऊ एकत्र रंगमंचावर आले. आदल्याच दिवशी लिव्हरपूलचा खेळाडू दियोगो जोटा अपघातात गेला होता. हे दोघे सिटीचे, तो प्रतिस्पर्धी संघाचा. तरी त्यांनी गाण्याच्या वेळी मागच्या पडद्यावर त्याची वीस क्रमांकाची जर्सी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी ती चित्रफीत पाहत होते. डोळे भरून आले होते. सासूबाईही शेजारी बसून पाहत होत्या. गाणे त्यांना कळले नसावे. त्यांनी एवढेच विचारले, "त्यांची आई आली होती का रे ऐकायला?"

मावशी अजून येतात. घंटा तशीच तीनदा वाजवतात. पाटी खाली ठेवण्याआधी हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो, "बाय, आज कोनचा फोन नाय ना?"